बाबांच्या शेतातली तिवरं

पहिल्याच दिवशी म्हात्रे मॅडमनी मला पान चाटायला लावलं.

विद्यापीठात त्यांच्या हाताखाली संशोधनासाठी नाव घातलं तेव्हा वाटलं होतं, आधी चार पुस्तकं वाचायला देतील, प्रयोगशाळा दाखवतील, विषय समजावून सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, "घर कुठे?"

"अलिबाग."

"मग शनिवारी इथे येऊ नकोस. रेवदंड्याला ये. पुलाच्या अलीकडे खाडीत उतरायला वाट आहे, तिथे मी असेन."

मी गेले तेव्हा ओहोटी होती. मॅडम घोट्याच्या वर चिखलात उभ्या होत्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओढणी कमरेला बांधलेली, पायांत काही नाही, खांद्याला धुवट सुती पिशवी. वय पन्नाशीच्या पुढचं. माझे नवे बूट बघून त्या काही बोलल्या नाहीत. ते चिखलात रुतून बसले आणि मी एकेक पाय उपसून काढला, तेव्हाही बोलल्या नाहीत. मी अनवाणी होऊन जवळ पोचल्यावर त्यांनी शेजारच्या तिवराच्या झाडाचं एक पान तोडून माझ्यापुढे धरलं.

"चाट."

मी चाटलं. "खारट आहे."

"आता हे." ते पान जाड आणि गोलसर होतं. चिपीचं.

"हे तितकं नाही."

"दोघांचे पाय एकाच पाण्यात आहेत. एक पाणी पितं आणि मीठ पानावरून घामासारखं टाकून देतं. दुसरं बरंचसं मीठ आतच घेत नाही. आता ते तिकडचं तिसरं, तो हुरा. तो मात्र चाटू नकोस. चीक डोळ्यांत गेला तर तुला घरी पोचवायला मला यावं लागेल."

हा विनोद होता की नाही, ते मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. आनंदाची बातमी असो की वाईट, तो तसाच असायचा, भरती उतरून गेलेल्या किनाऱ्यासारखा सपाट. नवीन विद्यार्थी घाबरत. जुने म्हणत, मॅडम तशाच आहेत, मनावर घेऊ नकोस. मी पुढे कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर चिखल तुडवला. त्या काळात त्यांना मोठ्याने हसताना मी पाहिलं नाही आणि रडताना तर नाहीच.

त्यांचा विषय वनस्पतींची उत्क्रांती. पण हा शब्द त्या कागदावरच वापरत. तोंडी त्या नात्यांची भाषा बोलत. एखादं झाड दाखवलं की पहिला प्रश्न, "ह्याचं आडनाव काय?" म्हणजे कूळ कोणतं. खाडीत शेजारी शेजारी उभी असलेली सगळी झाडं एकाच घरातली असतील असं मला वाटायचं. सगळ्यांना तोच चिखल, तीच भरती, तसाच जगण्याचा खटाटोप. मॅडमनी एका दुपारी सगळी उलगडून सांगितली. तिवर म्हणजे आपल्या परसातल्या अडुळशाच्या आणि अबोलीच्या घरचं. चिपी ही मेंदीची आणि डाळिंबाची भावकी. हुरा एरंडाच्या कुळातला. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या काळी, एकेक जण खाऱ्या पाण्यात उतरला आणि मग तिथे जगायला जे लागतं ते ज्याचं त्याने शिकून घेतलं.

"म्हणून वागण्यावरून नातं लावू नकोस," त्या म्हणत. "एकत्र उभे आहेत, एकसारखे वागतात, म्हणून नातेवाईक होत नाहीत. आणि एका रक्ताचे आहेत म्हणून सारखे वागतील, असंही नाही."

हे वाक्य त्या वर्गातही म्हणत. तेव्हा मला ते फक्त झाडांबद्दलचं वाटायचं.

त्यांना खरं जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच. धरमतरची खाडी, रेवदंड्याची खाडी, खाली मुरुडच्या पलीकडची राजपुरीची खाडी, या तिन्हींत तिवर आहे. मध्ये उघडा समुद्र, खडक आणि वाळूचे किनारे. तिवराचं बी पाण्यावर तरंगत जातं, पण किती लांब जातं? एका खाडीतलं तिवर दुसऱ्या खाडीतल्या तिवराला कधी भेटतं का? की खाडीखाडीचं तिवर हळूहळू वेगळं होत चाललं आहे, आपल्या नकळत, आपण बघत असतानाच?

यासाठी आम्ही पानं गोळा करायचो. प्रत्येक झाडाचं एक पान, एका पुडीत, ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांसकट. मग मुंबईत ती कुटून त्यातला डीएनए काढायचा आणि कोण कोणाच्या जवळचं ते बघायचं. कधी कधी मॅडम काशीदच्या किनाऱ्यावर थांबत. तिथे पर्यटकांची ही गर्दी, घोडे, उंट, नारळपाणी. आणि मॅडम भरतीच्या रेषेवरून वाकून वाकून चालायच्या, वाळूत येऊन पडलेली तिवराची बियाणं वेचत. पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थाने एकदा काळजीने विचारलं, "काही हरवलंय का बाई? आम्ही शोधू का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "हे हरवलेलं आहे. कुठून आलंय ते बघतेय."

गृहस्थ थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला आणि बायकोकडे परत गेला.

मॅडमचं माहेर धरमतर खाडीच्या काठचं. माहेर म्हणायचं एवढंच, लग्न त्यांनी केलं नव्हतं. अलिबागहून पेणच्या रस्त्याला लागलं की खारेपाट, खाडीकाठच्या खारट जमिनीचा पट्टा, सुरू होतो, त्यातलं एक गाव. आगरी वस्ती. पूर्वी खाडी अडवून, मातीचे बांध घालून लोकांनी तिथे भातशेती काढली होती. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी. बांध राखायचा म्हणजे गावाने मिळून राखायचा. उधाणाची भरती असली की माणसं बांधावर फिरायची आणि पाणी झिरपताना दिसलं की तिथे माती टाकायची. मग माणसं कारखान्यांत लागली, बंदरावर ट्रेलर चालवायला गेली. बांधावर फिरायला कोणी उरलं नाही. एका उधाणाला बांधाला खांड पडली, नंतर दुसरी. पाणी आत आलं ते परत गेलंच नाही. मॅडमचे वडील तेव्हा हयात होते. ते रोज बांधापर्यंत जात, पाण्याकडे बघत आणि परत येत. पुढे तेही गेले.

आणि त्या पाण्यात तिवर उगवलं.

मॅडम मला गावी घेऊन गेल्या ते याचसाठी. बुडालेल्या शेतात झाडं कशी येतात, कोण आधी येतं, कोण नंतर, हे बघायला दुसरीकडे जायची गरजच नव्हती. त्यांच्या वडिलांचंच शेत होतं.

त्यांचे मोठे भाऊ नामदेवदादा आम्हाला होडीतून आत घेऊन गेले. बांधेसूद, काळेसावळे, डोक्याला गमछा. थळच्या कारखान्यात कंत्राटावर होते, ते काम सुटल्यापासून घरीच. त्यांच्या बोलीत होडी म्हणजे होरी आणि झाड म्हणजे झार. बांबूने होडी रेटता रेटता त्यांनी मला सगळं दाखवलं, जणू शेत अजून तिथेच आहे.

"ती मोठी चिपी दिसतं ना, तिथं आमचा खला. हय झोडनी व्हायची. आनि ह्या अंगाला आंब्याचा झार होता, तो मेला. खारा पानी लागला नि मेला."

"आता तिथे काय आलंय?" मॅडमनी विचारलं.

"तुझीच झारा," दादा म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "बायला सांग, तिच्या झारांना म्हनावं जरा सरका. मना भात लावायचा हाय."

मॅडम पान तोडत होत्या. त्यांनी पुडी बंद केली, तिच्यावर नंबर घातला. "सरकत नाहीत ती," त्या म्हणाल्या.

घरी त्यांच्या आईने आम्हाला तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण वाढलं. आईला डोळ्यांनी कमी दिसायचं. त्या हाताने चाचपून ताटात भाकरी आहे की संपली ते बघत आणि संपली असेल तर न विचारता दुसरी टाकत. निघताना त्यांनी सुकटीची पुडी मॅडमच्या पिशवीत घातली आणि तितक्याच न विचारता एक माझ्याही पिशवीत. त्या दिवसापासून त्या घरातून कधी मी मोकळ्या हाताने परतले नाही.

पुढच्या वर्षी त्या पानांचं उत्तर आलं. प्रयोगशाळेत संगणकासमोर मॅडम बसल्या होत्या, मी मागे उभी होते. बुडालेल्या शेतातली तिवरं दुसऱ्या खाडीतून आलेली नव्हती. लांबून तर मुळीच नाही. जवळजवळ सगळी एकाच जुन्या झाडाची संतती दिसत होती. ते झाड बांधावरच होतं, पाणी सोडायच्या उघाडीपाशी. त्याच्या बुंध्याला मिठी मारायला दोन माणसं लागतील एवढं.

"ते आजोबांनी ठेवलं होतं," मॅडम म्हणाल्या. "बांध घातला तेव्हा सगळं तोडलं, ते एक ठेवलं. सावलीला."

संशोधक म्हणून ती मोठी गोष्ट होती. मी म्हटलं, मॅडम, अभिनंदन. त्यांनी मान हलवली आणि मला खालच्या कँटीनमधून चहा आणायला सांगितलं. चहा निवेपर्यंत त्या पडद्याकडे बघत होत्या.

हे त्यांनी दादांना सांगितलं तेव्हाही मी होते. ओटीवर बसलो होतो. दादा जाळं शिवत होते. त्यांनी ऐकून घेतलं, सुई खाली ठेवली.

"मंग आज्यानंच शेत बुडवला म्हन की."

"शेत पाण्याने बुडवलं," मॅडम म्हणाल्या.

दादांनी सुई परत उचलली.

त्यानंतरची गोष्ट सगळ्या गावाची आहे. गावाने मिळून अर्ज केला की बांध पुन्हा घालून द्या, आत वाढलेली झाडं काढू द्या, आमची शेतं आम्हाला परत मिळू द्या. कागदोपत्री जमीन त्यांचीच होती. पण कांदळवन, म्हणजे खाडीतलं तिवर-चिपीचं जंगल, तोडायला कायद्याने बंदी. तेव्हा प्रश्न असा झाला की शेतात उगवलेलं हे सगळं कांदळवन म्हणायचं की नुसती माजलेली झुडपं. ते ठरवायला एक समिती नेमली गेली आणि झाडांबद्दलचा अहवाल द्यायला मॅडमना बोलावलं. त्यांनी आधीच कळवलं की त्यात माझ्या घरची जमीन आहे, मला घेऊ नका. समितीने उत्तर दिलं की या झाडांचं एवढं काम दुसऱ्या कोणी केलेलं नाही, तुम्ही फक्त झाडांबद्दल लिहा, बाकीचं आम्ही बघू.

गावात मात्र आनंद झाला. आपली बाई समितीत हाय. नामदेवची बहीण हाय. मी त्या दिवसांत गावी गेले तर रस्त्यात माणसं मला थांबवून विचारायची, मॅडम कधी येतात, त्यांना चिंबोऱ्या पाठवायच्या आहेत.

अहवाल लिहायला मॅडमना फार दिवस लागले नाहीत. तो मी टाइप केला. त्यात झाडांची नावं होती, वयं होती, कोणतं कुठे उगवलं ते होतं, कोणते पक्षी आणि खेकडे आले ते होतं. शेवटी एक वाक्य होतं. 'सदर जागेवर स्वतःहून वाढणारं, टिकाऊ कांदळवन तयार झालेलं आहे.' टाइप करताना माझी बोटं त्या वाक्याशी थांबली. मॅडम मागून म्हणाल्या, "'टिकाऊ'च्या आधी स्वल्पविराम नको." मी तो काढला.

बांधाची मागणी फेटाळली गेली. कारणं आणखीही होती म्हणतात, पण गावाला एकच माहीत होतं.

दादा प्रयोगशाळेत आले. बरोबर गावातले दोघं जण होते, ते दाराशीच थांबले. मी टेबलाशी सुकवलेली रोपं जाड कागदावर चिकटवत होते. मॅडमनी दादांना खुर्ची दिली, त्यांनी ती घेतली नाही.

"तू लिवलंस?" दादांनी विचारलं.

"हो."

"दुसरा कायी लिवता येत नव्हता?"

"जे आहे तेच लिहिलं, दादूस."

"चार झारा उगवली म्हंजे जंगल व्हतं?"

"चार नाहीत. तुला माहीत आहे."

दादांनी माझ्या टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. त्यावर तिवराची एक फांदी चिकटवलेली होती, पानं तपकिरी पडलेली. खाली मॅडमच्या अक्षरात गावाचं नाव होतं. त्यांनी बोट पुढे केलं, पण पानाला लावलं नाही.

"सगल्यांना इच्यारलंस," ते म्हणाले. "झारांना इच्यारलंस, खेकड्यांना इच्यारलंस. बापाला इच्यारलंस का?"

मला वाटलं मॅडम आता बोलतील. आताही, इतक्या वर्षांनी, ते क्षण आठवताना मी त्यांच्या बोलण्याची वाट बघते. त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं. मी चहा घेऊन आले तेव्हा तिघंही गेलेले होते. चार कप मी टेबलावर ठेवले. मॅडमनी त्यांतला एक उचलला, प्यायला आणि म्हणाल्या, "ती फांदी नीट दाब. देठ वर येतोय."

त्या दिवसापासून दादांनी बोलणं टाकलं. कोणी मॅडमना घरात येऊ नको म्हटलं नाही. पण त्या गेल्या तर दादा उठून बाहेर जात, वहिनी आत जाऊन भांडी आवरू लागत आणि आई एकट्या मध्ये बसून दोन्हीकडची चाहूल घेत राहत. दोन-तीनदा असं झाल्यावर मॅडमनी जाणं थांबवलं.

मी मात्र जात होते. माझं काम त्याच शेतात होतं. दादा मला होडी देत, वल्हं देत, कुठे चिखल खोल आहे ते सांगत. मॅडमचं नाव काढत नसत. आई दरवेळी पुडी देत. मला एक आणि वर एक. दुसरी कोणाची ते त्या सांगत नसत, मी विचारत नसे. मुंबईला गेले की ती मॅडमच्या टेबलावर ठेवायची. मॅडम ती पिशवीत टाकत आणि विचारत, "भरतीची वेळ काय होती?"

आई गेल्या ते मॅडमना दुसऱ्याच कोणाकडून कळलं, आणि तेही उशिरा. त्यांनी मला फोन केला. मी अलिबागहून निघाले, त्या मुंबईहून आल्या, गावाच्या फाट्यावर भेटलो. स्मशान खाडीच्या काठाला. आम्ही पोचलो तेव्हा लोक परत येत होते. दादा पुढे होते, ओल्या अंगाने, डोक्यावर टॉवेल. ते आमच्याजवळून गेले. मॅडम रस्त्याच्या कडेला सरकल्या, वाट देतात तशा. मागच्या बायकांपैकी एकीने थांबून मॅडमच्या हाताला हात लावला आणि पुढे गेली.

आम्ही स्मशानापर्यंत गेलो. लाकडं अजून जळत होती. तिथे उभी असताना मला काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं. मी त्या म्हातारीच्या हातचं किती तरी वेळा जेवले होते. पण धूर येत होता, ओहोटी लागली होती, एक बगळा चिखलात चालत होता, आणि हे सगळं कोणा दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसत असल्यासारखं होतं. मॅडमकडे बघितलं तर त्या माझ्याइतक्याच स्तब्ध होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेवटची बस निघेल."

दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत होत्या. बी.एस्सी.च्या मुलांना कुळं शिकवली. वर्गाबाहेरून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "वागण्यावरून नातं लावू नका," त्या म्हणत होत्या. त्यापुढे त्या नेहमी म्हणायच्या ते एका रक्ताबद्दलचं वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही. नंतरही कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मी त्यांना एकदाच विचारलं. काशीदहून परतताना रिक्षा मिळेना म्हणून आम्ही सुरूच्या झाडांखाली बसलो होतो.

"मॅडम, तुम्ही समितीत गेलाच नसतात तर?"

"मग दुसऱ्या कोणी लिहिलं असतं."

"काय?"

"तेच." त्यांनी पायाची वाळू झटकली. "फक्त मला घरी जाता आलं असतं. आणि दादूसने मला विचारलं असतं, शालू, तुला काय वाटतं, हे जंगल आहे का? तेव्हा मी काय सांगितलं असतं? मला माहीत नाही म्हणून?"

रिक्षा आली. आम्ही उठलो.

पुढे गावाचं काय झालं ते सांगते. शेत परत मिळालं नाही. दादांचे दोन्ही मुलगे बंदरावर ट्रेलर चालवतात, ते आधीपासूनच चालवत होते. दादा त्या झाडांत चिंबोऱ्या धरू लागले. झाडं दाटली तसे खेकडे वाढले, मोठमोठे. अलिबागच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक असतं. मला एकदा बाजारात भेटले तेव्हा टोपलीत दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या होत्या. मी म्हटलं, चांगल्या मिळाल्यात. ते म्हणाले, "मिलतात." यापलीकडे त्या विषयावर त्यांच्या तोंडून मी काही ऐकलं नाही. ते सुखी झाले असं मला म्हणता येत नाही. भात लावणाऱ्या माणसाने खेकडे धरले, एवढंच.

मॅडम निवृत्त झाल्या आणि रेवदंड्याला येऊन राहिल्या, खाडीजवळ, एका कोळ्याच्या घरची वरची खोली घेऊन. खाली अंगणात बोंबील वाळत घातलेले असत. तो वास सगळ्या खोलीत भरलेला, पण त्यांना तो कळत नसावा. मी तोपर्यंत अलिबागच्या कॉलेजात शिकवायला लागले होते. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी अजूनही पानं आणत होतो. खाडीखाडीचं तिवर वेगळं होतंय का, या त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं. थोडं वेगळं होतंय, असं आकडे म्हणत. पण किती आणि कधीपर्यंत, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

"झाडांना हजारो पिढ्या लागतात," मॅडम म्हणाल्या होत्या. "माझं बघून होणार नाही. तुझंही नाही."

ज्या आजारपणात त्या गेल्या ते फार लांबलं नाही. खोलीच्या मालकिणीचा फोन आला तेव्हा माझं प्रात्यक्षिक चालू होतं. मुलं खोडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. मी त्यांना सांगितलं, काढत राहा, आणि बाहेर जाऊन फोन घेतला. परत येऊन सगळ्यांचे काप तपासले. एका मुलीचा काप इतका पातळ आणि चांगला आला होता की मी तिचं कौतुक केलं. मग रेवदंड्याला गेले. दादा माझ्याआधी पोचले होते. सगळं त्यांनीच केलं. कोणाशी बोलले नाहीत. माझ्याशीही नाही.

मॅडमना मी नीट असं शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, पावसाळा संपल्यावर. त्यांनी स्वतःच म्हटलं, एकदा शेतात जाऊ. इतक्या वर्षांत त्या तिथे गेल्या नव्हत्या. आम्ही घरी न कळवता गेलो. खांडीच्या बाजूने, ओहोटीला चालत आत शिरलो. झाडं डोक्यावर गेली होती. मॅडम हळू चालत होत्या, थांबत होत्या, एखाद्या बुंध्यावर हात ठेवत होत्या. पान एकही तोडलं नाही. वेळ कसा गेला ते कळलं नाही, आणि पाणी चढायला लागलं. ज्या वाटेने आलो ती वाट बुडाली. गुडघ्याएवढं, मग मांडीएवढं. एका उंचवट्यावर आम्ही दोघी उभ्या राहिलो. मी घाबरले होते. मॅडम नव्हत्या.

पाण्यात बांबू पडल्याचा आवाज आला. झाडांतून दादांची होडी पुढे आली. चिंबोऱ्यांचे सापळे मध्ये ठेवलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं. क्षणभर होडी तशीच तरंगत राहिली. मग त्यांनी ती उंचवट्याला लावली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सांभालून पाय टाक."

मी चढले. मॅडमना चढायला जमेना. दादांनी बांबू एका हातात घेतला आणि दुसरा हात पुढे केला. मॅडमनी तो धरला. आत आल्यावर त्यांनी हात सोडला, दादांनीही सोडला.

दादा बांबू रेटत होते, पाणी बाजूला कापलं जात होतं. रस्त्यापाशी पोचलो तेव्हा मॅडम उतरता उतरता म्हणाल्या, "वहिनी बरी?"

"बरी हाय."

"गुडघे?"

"तशेच."

एवढंच. दादांनी होडी वळवली. त्यांनी घरी चला म्हटलं नाही, आणि ते म्हणतील असं मॅडमना वाटत होतं असंही नाही. आमचे पाय चिखलाने माखलेले होते, तो वाळून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या. समोरून अलिबागची रिक्षा येत होती. मी हात केला. रिक्षा थांबली.

"मॅडम, चला."

"थांब."

"दादा मागे वळून बघणार नाहीत, मॅडम," मी म्हटलं. आज वाटतं, हे मी बोलायला नको होतं.

"नाही बघणार," त्या म्हणाल्या. "पण आपण निघालो तर त्याला ऐकू जाईल."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. होडी झाडांच्या आत गेली. दादांची पाठ, मग गमछा, मग काहीच नाही. फक्त बांबू पाण्यात पडल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून, लांब लांब. तो येईनासा होईपर्यंत त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "चल."